बदामी रंग आणि कोट्याची फरशी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीआधी घराला कोणता रंग द्यावा, यावर गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत अख्खं पान होतं. बेज रंगाच्या सहा छटांचे चौकोन छापले होते. त्यातले चार मला शेजारच्या कोऱ्या समासासारखेच दिसले. वर्तमानपत्राचा कागद मुळातच पिवळट, त्यावर फिकट बदामी छापल्यावर वाचकाने निवडायचं काय?

मी कऱ्हाडात 28 वर्षं मॅचिंग सेंटर चालवतो. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. नुसतं बदामी अस्तरच माझ्याकडे 11 तऱ्हेचं आहे. बायका पीस घेऊन दुकानाच्या पायरीवर जातात, साडीच्या काठाला लावून उन्हात बघतात आणि आत येऊन दुसरा मागतात. वैताग येतो, पण बरोबर त्यांचंच असतं. ट्यूबखाली जुळी वाटणारी दोन कापडं बाहेर नेली की एक गुलाबी झाक मारतं, दुसरं हिरवी.

एवढं कळणाऱ्या माणसाने हॉलचा रंग मात्र पेंटच्या दुकानात, ट्यूबखाली, नखाएवढ्या चौकोनावरून ठरवला. शेडकार्डावर शेजारी शेजारी तीन बेज. नावं इंग्रजी, एकात बदाम, एकात वाळू, एकात कसलंसं बिस्कीट. (साड्यांना मोतिया, केतकी, हस्तिदंती चालतं, भिंतीला का चालत नाही कोण जाणे.) सौ. म्हणाल्या, "कार्ड घरी नेऊन बघू." मी म्हटलं, "तिन्ही एकच तर आहेत." मशीनवर रंग मिसळून 10 लिटरची बादली घेऊन आलो.

आमच्या हॉलला कोट्याची हिरवट फरशी आणि पश्चिमेची खिडकी. पेंटरने दुसरा हात मारला, संध्याकाळचं ऊन आत आलं आणि चारी भिंती कवळीच्या हिरड्यांसारख्या गुलाबी! हिरव्या काठाशेजारी असला बदामी ठेवला की तो जास्तच गुलाबी वाटतो, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. त्यात चार भिंती एकमेकींवर रंग टाकतात, म्हणून कार्डावर जेमतेम जाणवणारी झाक खोलीत अंगावर येते. रात्री पांढरा दिवा लावला की तीच भिंत राखाडी.

आजोबा चुन्यात पिवडी कालवायचे, कोपऱ्यात एक हात मारायचे आणि दुसऱ्या दिवशी बघून चिमूटभर वाढवायचे. ओला चुना फसवतो, वाळला की उजळतो. इमल्शनचं बहुधा उलट, वाळल्यावर थोडं गडद होतं. म्हणजे बघायला एक दिवस तरी हवाच.

मिसळलेला रंग दुकानदार परत घेत नाही, आणि त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कापलेला पीस मीही घेत नाही. पण कापण्याआधी मी पायरीवर जाऊ देतो. रंगवाल्यांनी वहीच्या पानाएवढा रंगवलेला पुठ्ठा दोन दिवस घरी न्यायला द्यावा, हवी तर अनामत घ्यावी. पुरवणीनेही चौकोन छापण्याऐवजी फरशी कसली, खिडकी कुठल्या दिशेची, दिवा पिवळा की पांढरा, एवढं वाचकाला विचारायला लावलं असतं तर पान सत्कारणी लागलं असतं.

दुसऱ्या खेपेला मी तिन्ही रंगांचे छोटे डबे आणले, पुठ्ठे रंगवले, फरशीला टेकवून उभे केले आणि सकाळी, दुपारी चारला, रात्री असे तीन दिवस पाहिले. कार्डावर ज्याला मी "मळका" म्हणून बाजूला सारलं होतं, तोच लागला. सौ. काही बोलल्या नाहीत, एवढंच नशीब.

गुलाबी बदामीची पाव बादली माळ्यावर पडून आहे. कऱ्हाडात कुणाच्या घरात कोट्याची फरशी नसेल, तर येऊन घेऊन जावा.

– एक मॅचिंग सेंटरवाला, कऱ्हाड