भैरवी होईपर्यंत बसायचं

पुणे, कोजागरी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, पणजीला राहायला या म्हटलं तर परवा 'बघू' म्हणून तुम्ही फोन ठेवलात, म्हणून लिहायला बसले. आता बघण्यासारखं काही राहिलेलं नाही. पणजीतल्या सांतिनेजचा फ्लॅट मी तुमच्यासाठी घेतला. अकरा महिन्यांच्या कराराने, भाड्याने. पैसे भरले, किल्ली हातात आली. रागावा, पण पत्र पुरतं वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

आई, सगळ्यात आधी तुझ्यासाठी. फोंड्याचं घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, त्यातली एक खुंटीसुद्धा हलवायची नाही. तुझं कुर्डीचं घर साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की तू अजून तिथे जाऊन जोत्याचे दगड शोधतेस. तुला दुसऱ्यांदा घर सोड म्हणताना माझी जीभ रेटत नव्हती. पण हे सोडणं नव्हे. तुळशीला काकू पाणी घालणार आहेत, चतुर्थीला आपण सगळे तिथेच असू.

मग कशासाठी? फर्मागुढीच्या उतारावर स्कूटर घसरली, ती गोष्ट तुम्ही दोघांनी माझ्यापासून पंधरा दिवस लपवलीत. बाबा, गाण्याची बैठक ऐकून रात्री साडेअकराला पणजीहून एकटे येत होता. समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांत फुटतो हे तुम्हीच डॉक्टरांना सांगितलंत, मला नाही. गाणं ऐकू नका असं तुम्हाला मी कशी म्हणू? ते माझ्याच्याने व्हायचं नाही. म्हणून गाण्यापासून घरापर्यंतचा रस्ताच कमी केला.

त्या रस्त्यावर मी वाढले. स्कूटरवर पुढे उभी मी, मागे आई, तिच्या केसांतल्या जाईच्या वळेसराचा वास वाऱ्यात. पणजीच्या कला अकादमीत शिरल्यावर मी आधी दीनानाथ सभागृहाच्या भिंतीकडे बघायचे. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी चितारलेली ती सज्जांतली माणसं! मला ती खरी वाटायची. आणि दर वेळी रंग भरात आला की तुम्ही घड्याळ पाहायचा आणि आई कुजबुजायची, "चल गो बाय, उशीर जाता." आपण वाकून रांगेतून बाहेर. मी मागे वळून पाहायचे, तर भिंतीवरची माणसं तशीच बसलेली. त्यांना फोंड्याला जायचं नसायचं.

किशोरीताई आमोणकरांचं गाणं आठवतं? त्या स्वरमंडळ जुळवत होत्या आणि सभागृहात कुणी खोकतही नव्हतं. माझ्या हातात चॉकलेटचा कागद होता. चुरचुरेल म्हणून आई, तू तो काढून घेतलास आणि मुठीत धरून बसलीस. मोगूबाई तुझ्या कुर्डीच्या, त्यांची मुलगी गात होती. तू रेशमी साडी नेसली होतीस आणि हलायला तयार नव्हतीस. बाहेर खांबाखालच्या दिव्यात मूठ उघडलीस तेव्हा कागदाच्या घड्या तुझ्या तळहातावर उमटल्या होत्या. त्या दिवशीही आपण मधूनच निघालो होतो. २०१७च्या एप्रिलमध्ये किशोरीताई गेल्या तेव्हा मला पहिल्यांदा तो तळहात आठवला.

बाबा, बाणस्तारीच्या पुलावर तुम्ही मला गायिका केसरबाई केरकरांची गोष्ट सांगितली होती. आपल्या फोंडा महालातल्या केरीची बाई, १९७७ साली गेली आणि त्याच साली तिची साडेतीन मिनिटांची भैरवी व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. मी विचारलं, "मग मैफलीच्या शेवटची भैरवी आपण का ऐकत नाही?" तुम्ही काही बोलला नाहीत. मंगेशी आलं, तुम्ही देवळाच्या दिशेने हात जोडलात आणि अभिषेकीबुवांचं काहीतरी गुणगुणत राहिलात. मी विचारायला नको होतं, हे किती वर्षांनी कळलं! सकाळी सातला कामावर जायचं, मला शाळेत सोडायचं, आणि तरी तुम्ही मला न्यायचा.

पुण्यात आल्यावर सवाई गंधर्व महोत्सवाला पहिल्यांदा शेवटपर्यंत बसले. प्रभाताई अत्रेंनी सांगता केली. बाहेर पडून तुम्हाला फोन लावायचा धीर झाला नाही. तुमच्या वाटणीचं ताट मी एकटीने जेवले असं वाटत राहिलं. ते वाटणं अजून गेलेलं नाही.

आता फ्लॅटचं ऐका. पहिला मजला, लिफ्ट आहे, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतलाय. पाववाला पोदेर सकाळी दाराखाली भोंगा वाजवतो, पोळी मिळेल. बाजार जवळ आहे, पण बाबा, मासळी आणायला रिक्षाने जायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊन येतं, आईचं वाटण तिथे बसून होईल. कोकम, उकडे तांदूळ, खोबरं किसायची आडाळी, सगळं मीच आणून ठेवते. तंबोराही आणायचा, गवसणीसकट. गॅलरीत तुळस मावते, मापून पाहिलं.

आणि अकादमीचं कांपाल तिथून जवळ. २०२३मध्ये अकादमी पुन्हा उघडली तेव्हा तुम्ही दोघं दारापर्यंत जाऊन परत आलात, रात्री उशीर होईल म्हणून. यंदाच्या केसरबाई समारोहाला तसं नाही.

तर बाबा, स्कूटरची किल्ली काकांकडे द्या. कागदपत्रं माझ्या नावच्या पाकिटात. डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख मी घेतली आहे, ती पुढे ढकलायची नाही. रक्तदाबाची गोळी जेवणाआधी की नंतर, हे आईला विचारत बसू नका, डबीवर लिहून चिकटवलंय. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही. सामान बांधायला हात लावायचा नाही, मी शनिवारी येते. तुम्ही फक्त कपडे काढून ठेवा.

रागात असलात तर फोंड्याच्या ओट्यावर बसून रागवा, मी ऐकून घेईन. पण समारोहाला जागा भिंतीजवळच्या धरायच्या, आईला सज्जातली माणसं दिसली पाहिजेत. मध्यंतरात तुम्ही उठू नका, कँटीनमधून भजी मी आणते. घड्याळ घरी ठेवून यायचं, बाबा.

तुमची,
बाय