बदामी सिलिंडर वाचवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "ते राहू दे, फोनोग्राफचा पट्टा बदललास का?" असं विचारून विषय तोडता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. इथे तुम्हाला मधेच बोलता येणार नाही.

माझा पहिला फोन तुम्हाला आठवत असेल. एडिसन स्टँडर्ड, म्हणजे चावीवर चालणारा जुना फोनोग्राफ, नुकताच घरी आला होता, सोबत खोकंभर सिलिंडर (तबकडीऐवजी नळीच्या आकाराची रेकॉर्ड) आणि दोन रिप्रोड्युसर (सुई बसवलेली, आवाज काढणारी डबी). विकणाऱ्याने सांगितलं होतं, "यातला एक हिऱ्याचा आहे, तोच लावा, आवाज खणखणीत येतो." मी तो बसवून, चावी भरून तयारच होतो. फोन केला तो फक्त तेल कुठलं घालू हे विचारायला. तुम्ही तेलाचं काहीच बोलला नाहीत. म्हणालात, "मँड्रेलवर, त्या फिरणाऱ्या दांड्यावर, आत्ता काय चढवलंय?" मी म्हटलं, काळा आहे, मेणाचा. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग, "हिरा काढा आणि डब्यात ठेवा. आधी काढा, मग बोलू."

हिरा सेल्युलॉइडच्या ब्लू अँबरोलसाठी, म्हणजे एडिसनच्या निळ्या सिलिंडरसाठी असतो, मेणावर तो नांगर फिरवावा तसा फिरतो, हे मला त्या दिवशी कळलं. दहा मिनिटं उशिरा फोन केला असता तर त्या सिलिंडरवरचं गाणं भुकटी होऊन खाली पडलं असतं.

त्याच्या आदल्याच आठवड्यात मी एक सिलिंडर गमावला होता, हे तुम्हाला बरंच उशिरा सांगितलं. थंडीतली पहाट होती. मेणाचा सिलिंडर मी उबदार मुठीत घट्ट धरला, टक् असा बारीक आवाज आला आणि वरपासून खालपर्यंत तडा. मला वाटलं, माल मुळातच खराब होता. तुम्ही हसला नाहीत. दोन बोटं आतून घालून, बोटं जराशी फाकवून सिलिंडर कसा उचलायचा हे फोनवरच, रिकाम्या पेल्यावर सराव करायला लावून शिकवलंत. (तो पेला अजून माझ्या टेबलावर आहे. घरच्यांना कारण सांगितलेलं नाही.)

मग तुमची ती अट. मला चार मिनिटांच्या सिलिंडरसाठी एच मॉडेलचा रिप्रोड्युसर हवा होता. तुमच्याकडे जादा होता, पण तुम्ही म्हणालात, "आधी सगळ्या सिलिंडरची यादी कर. एकही न वाजवता." तोवर मी 'तुम्ही'चा 'तू' झालो होतो, त्यामुळे वाद घालायची सोयही उरली नव्हती.

चौतीस सिलिंडर, एक भिंग आणि तिरपा धरलेला टेबललॅम्प. पहिल्या दिवशी मला सगळे काळे सारखेच दिसत होते. कडेवरची अक्षरं वाच म्हणालात. प्रकाश आडवा पाडल्यावर त्या निमुळत्या कडेत कोरलेलं नाव आणि क्रमांक हळूहळू वर आला, आणि काहींच्या क्रमांकाआधी '4 एम' दिसलं. हे 1908 पासूनचे अँबरोल, चार मिनिटांचे. ज्यांच्यावर ते नाही ते दोन मिनिटांचे, 1902 साली आलेल्या गोल्ड मोल्डेड, म्हणजे साच्यातून काढलेल्या जातीचे. फेऱ्या दोन्हींच्या मिनिटाला 160च, फक्त दोन मिनिटांच्याच्या अंगावर इंचाला 100 खाचा आणि चार मिनिटांच्याच्या 200. दोन मिनिटांच्या सी रिप्रोड्युसरचा नीलम (त्याची सुई नीलमाची असते) त्या दाट खाचांत घातला तर एकाच वेळी दोन-दोन खाचा तुडवतो. दुकानातल्या गिऱ्हाइकाला त्या काळी हे कसं समजावत असतील कोण जाणे.

एक काळा मात्र यादीत बसेना. कडा धातूची, वजनाला हलका. तुम्ही म्हणालात, नखाने टिचकी मार. पुठ्ठ्यासारखा आवाज आला. आत खरंच पुठ्ठ्याची नळी होती, वर सेल्युलॉइड: इंडिस्ट्रक्टिबल कंपनीचा माल. मेण समजून मी त्याला कापसात गुंडाळून जपत होतो आणि आठ दिवस ज्याच्याकडे बघायलाही घाबरलो, तो एकटाच टेबलावरून पडला असता तरी कदाचित वाचला असता.

निळे सात निघाले. ब्लू अँबरोल 1912 ते 1929 निघत राहिले, ते दुर्मीळ नाहीत, हे तुम्ही पहिल्याच झटक्यात सांगून माझा अर्धा आनंद काढून घेतलात. पण त्यांतले दोन मँड्रेलवर चढेचनात. आतलं प्लॅस्टर ओल धरून फुगलेलं. मी जोर लावणार होतो. तुम्ही म्हणालात, चढवशील रे, उतरवशील कसा? मग बारीक पॉलिशपेपर, तीन-चार हलके वळसे, भुकटी फुंकायची, अलगद चढवून बघायचं, पुन्हा काढायचं. अख्खी संध्याकाळ गेली. दुसराही चढला. पुढे, यादी झाल्यावर, तो वाजवला तेव्हा तुम्ही गाणं सुरू होण्याआधीच्या खरखरीकडे कान द्यायला सांगितलंत. 1915 पासूनचे बरेच निळे सिलिंडर एडिसनच्याच डायमंड डिस्क तबकड्यांवरून उतरवलेले आहेत, म्हणून सिलिंडरच्या आवाजाआड तबकडीची कुजबूज ऐकू येते. आता मला ती ऐकू येते आणि ऐकू आली नाही तर मी खूश होतो. खोड तुमची, लागली मला.

यादी पाठवली, चौथ्या दिवशी एच आला. पैसे घेतले नाहीतच, वर चिठ्ठी: "गॅस्केट जुनं आहे, स्वतः बदल."

त्या वाक्याबद्दल मी तुमचा सगळ्यात जास्त ऋणी आहे. वरची आट्यांची कडी फिरवून काढली, आतलं रबर दगड झालेलं. टोकदार काडीने तुकडे कोरून काढताना डायफ्रॅमला, आवाज काढणाऱ्या पातळ चकतीला, धक्का लागेल या भीतीने माझा श्वास अडकला होता. नवं रबर म्हणजे बारीक पोकळ नळी, वर एक, खाली एक. टोकं एकमेकांना जेमतेम टेकली पाहिजेत, चढता कामा नयेत. पहिल्यांदा मी कडी करकचून आवळली. वाजवून पाहण्याआधी तुम्ही सांगितलेली परीक्षा केली: रिप्रोड्युसर कानाशी धरून बोटाचं टोक नीलमावर अगदी हलकं फिरवायचं. काहीच नाही, नुसतं खुसखुस. कडी पाव वळसा सैल केली. आणि काका, बोटाच्या कातडीवरच्या रेघा ऐकू आल्या! घसघशीत, मोठ्याने. यंत्राला चावी द्यायचीही गरज नव्हती.

आता चौतिसावा. बदामी, बिननावाचा, डब्यात चिठ्ठीही नाही. अंगावर बुरशीचे राखाडी ठिपके. मी ओल्या फडक्याने पुसू का विचारलं आणि तुम्ही जवळजवळ ओरडलात. आपण त्याला मेण म्हणतो, पण धातूच्या साबणाचा तो प्रकार आणि बुरशीने खाल्लेलं काही परत येत नाही, उलट पुसताना उरलेलंही जातं. बदामी म्हणजे मोल्डेडच्या आधीच्या काळातला, किंवा घरी भरलेला. लोक कोरे सिलिंडर आणून घरी आवाज भरायचे, नको झाला की तासून पुन्हा वापरायचे. म्हणजे हा ज्याने तासला नाही, त्याने तो ठेवायचा म्हणून ठेवला होता.

तुम्ही तो एकदाही वाजवू दिला नाहीत. "हा जगात एकच आहे. निळ्यांचे भाऊबंद अमेरिकेतल्या सांता बार्बराच्या विद्यापीठाच्या संग्रहात हजारोंनी ऐकायला मिळतील, याचे नाही." हलक्या सुईच्या विजेवरच्या यंत्रावरून तो एकदाच उतरवून घ्यायचा, ते करणाऱ्या माणसाशी तुम्हीच बोललात, आणि सिलिंडर उभा ठेवून, खाचांना काही न लागता डब्यात कसा बसवायचा याचं चित्र काढून पाठवलंत. याआधी एका विक्रेत्याने आडवे, कागदात चेपून पाठवलेले तीन सिलिंडर माझ्याकडे तुकड्यांतच पोचले होते. हा पोचला आणि परतही आला.

त्यात एक लहान मूल अंक म्हणतंय. सातनंतर अडकतं. मागून पुरुषाचा आवाज, शब्द कळत नाही, मग मूल आठ म्हणतं आणि हसायला लागतं. पुढे बुरशीची धपधप, प्रत्येक फेरीला एक.

फोन स्पीकरजवळ धरून मी तुम्हाला ते ऐकवलं. तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत आणि मग म्हणालात, "वेग जरा जास्त आहे. बदामीचा वेग 160 धरू नकोस, 144 करून बघ, 120 करून बघ." करून पाहिलं. 144 वर मूल वर्षभराने मोठं झालं आणि तो पुरुष थकलेला वाटायला लागला. कुठला खरा, ते मला ठरवता येत नाही. दोन्ही पाठवतोय, तुम्ही ऐकून कळवा.

आणि हो, पट्टा बदलला. कागदाची पट्टी चिकटवून मोजलं, पंधरा सेकंदांत चाळीस फेऱ्या बरोबर भरतात. वेग सांभाळणारा गव्हर्नर मात्र चावी संपत आली की अजून घरघरतो. रविवारी फोन करतो.

आपला,
पेल्यावर सराव करणारा