सुध्या, पेटी किती कप्प्यांची घ्यायची?

धरमपेठ, नागपूर
मे महिन्याचा दुसरा आठवडा

प्रिय सुध्या,

तुझं पत्र मिळालं. ट्रम्पेट ठेवायच्या पेटीचे पाच फोटो आणि प्रश्न एकच: चार कप्प्यांची घेऊ का? नको घेऊ. तीन कप्प्यांची घे, आणि त्यातला एक कप्पा फ्लूगलहॉर्नच्या, म्हणजे ट्रम्पेटच्याच जातीच्या पण मोठ्या भोंग्याच्या बाज्याच्या, मापाचा असेल तरच घे. काऊन, ते खाली वाच. फोनवर तू मधेच बोलतोस, म्हणून लिहून राहिलो.

घरात चार बाजे म्हणून चार कप्पे, हा हिशेब दुकानदाराचा. आपण बघायचं की एका संध्याकाळी हातात किती लागतात. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाला तुझा बी-फ्लॅट ट्रम्पेट आणि संथ गाण्यांसाठी फ्लूगल, एवढंच. सी ट्रम्पेट तू चर्चच्या कामाला काढतोस, तेव्हा फ्लूगल घरीच असते. पिकोलो, तो सगळ्यात लहान ट्रम्पेट, तर नाताळ सोडून बाहेर निघत नाही. मग तो वर्षभर खांद्यावर कशाला बापा? ट्रम्पेट एक किलोच्या थोडा वर भरतो. चार बाजे, लाकडी सांगाड्याची पेटी, म्यूट (भोंग्यात बसवून आवाज बदलायचा तो), स्टँड, तेलाच्या बाटल्या धरल्या तर नऊ-दहा किलो सहज होते. विमानात हातातल्या बॅगेला इथल्या बहुतेक कंपन्या ७ किलोच देतात. त्यात लांबीची मर्यादा साधारण ५५ सेंटिमीटर, आणि बी-फ्लॅट ट्रम्पेट स्वतःच ४८ ते ५० सेंटिमीटर. दोन्ही टोकांना फोम यायलाच पाहिजे, म्हणजे मोठी पेटी काउंटरवर अडणारच. अडली की ती खालच्या सामानात जाते, आणि तिथे काय होते ते तू पाहिलं आहेस.

आता खरी गोष्ट. पेटी उघडून सगळे आधी मखमलीचा रंग बघतात. तू दुसऱ्या व्हॉल्वची, म्हणजे बोटाने दाबायच्या मधल्या कळीची, स्लाइड बघ. ती लहानशी नळी बाजूला बाहेर आलेली असते, आणि पेटीची भिंत किंवा शेजारचा बाजा तिच्यावर टेकला की दाब थेट दुसऱ्या व्हॉल्वच्या नळकांड्यावर जातो. पिस्टन आणि नळकांडं यांच्यातली फट केसापेक्षा बारीक, त्यामुळे किंचित दबलं तरी पिस्टन अडकते. बाहेरून काही दिसत नाही. मागच्या लग्नसराईत आमच्यातल्या एकाच्या पेटीवर टेम्पोत कोणीतरी ताशा ठेवला. वरात सुरू झाली आणि त्याचा दुसरा पिस्टन वर येईना! कामठीला लष्कराच्या गार्ड्‌सच्या सेंटरमधून निवृत्त झालेले एक बँडवाले काका आहेत, त्यांनी सावकाश ठीक करून दिला. पण त्या रात्री त्याला एक ट्रम्पेट उसना घ्यावा लागला.

म्हणून कप्प्यात बाजा ठेवून बोटाने चाचप. स्लाइडसमोर मोकळी जागा पाहिजे, आणि दोन कप्प्यांमधला पडदा कडक पाहिजे, नुसता फोमचा नाही. मऊ पडद्याच्या पेटीत एका बाजूने धक्का बसला तर तो तिन्ही बाज्यांना बसतो.

दुसरं भोंग्याचं. चांगल्या पेटीत बाजा मधल्या भागावर, म्हणजे व्हॉल्वच्या आजूबाजूला आणि भोंग्याच्या मानेखाली, धरून ठेवलेला असतो आणि भोंग्याची कड कशालाच टेकत नाही. गार्ड नावाच्या बॅगांनी बाजा असा मध्यावर झुलता ठेवण्याचंच नाव कमावलं. जिथे भोंगा तळाशी टेकतो तिथे पेटी उभी आपटली की कड वाकते. भोंग्यात म्यूट खुपसून ठेवायची तुझी सवयही सोड. म्यूटला वेगळा खिसा पाहिजे. हार्मन म्यूट तर धातूचा असतो.

फ्लूगलचं माप वेगळं आहे, हे विक्रेते बोलत नाहीत. ट्रम्पेटचा भोंगा साधारण १२ सेंटिमीटरचा, फ्लूगलचा १५ च्या आसपास, आणि तिचा घेरही ट्रम्पेटपेक्षा मोठा. ट्रम्पेटच्या कप्प्यात ती बसवायला गेलं की झाकण दाबून लावावं लागते. असं झाकण कधी दाबायचं नाही. फ्लूगल सोबत नेऊन मगच पैसे दे. मागवायची असेल तर उत्पादकाकडून तिन्ही कप्प्यांची आतली मापं घे. बाहेरची मापं सगळेच देतात, ती काही कामाची नाहीत.

कंपन्यांचं विचारलंस. प्रोटेक सगळ्यात सहज मिळते. आत हलका लाकडी सांगाडा, वरून नायलॉन, कडक आणि मऊ दोन्हीचा मेळ. आपल्यासारख्या रोज वाजवणाऱ्याला हीच बरी, असं माझं मत. मार्कस बोना हा ब्राझीलचा, स्वतः हॉर्नवादक, त्याच्या पेट्यांची वाजवणारे तारीफ करतात, पण मागवून आणायचा खर्च बघ. चामड्याची क्रॉन्काइट दिसायला देखणी, आपल्या घामाला आणि पावसाला मात्र नाजूक. मेरठच्या जली कोठीत बाजे बनतात तशा पेट्याही मिळतात. त्या स्वस्त असतात, आतला फोम मात्र पातळ, तो बदलून घ्यावा लागतो.

मी काय केलं ते सांगतो. प्रोटेकची जुनी तीन कप्प्यांची पेटी घेतली, आणि इथल्या इतवारी बाजारातल्या एका बॅगवाल्याकडून कुंड्या, पट्टे आणि साखळी (झिप) बदलून घेतली. पेटी बहुधा आतून नाही, पट्ट्याच्या कुंडीवर जाते. पातळ पत्र्याचा आकडा सुटला की सगळंच खाली येते. जाड लोखंडी कुंडी, दुहेरी शिवण, मोठ्या दातांची साखळी, एवढं मागून घ्यायचं. बॅगवाल्याने पहिल्यांदा विचारलं, "यात बाजा काय, डबे ठेवता काय?" नंतर त्यानेच तळाला रबरी पाय लावून दिले, मी सांगितलेही नव्हते. पाठीवर नेता येईल असे दोन पट्टे मात्र हवेच. एका खांद्यावर बर्डीच्या बाजारातून चालून बघ, म्हणजे समजेल.

आता ऊन. आज इथे ४५ च्या वर आहे. बंद गाडीत पेटी ठेवली की अस्तराचा गोंद सुटतो आणि व्हॉल्वचं तेल उडून जाते. काळ्या रंगाची पेटी मला नकोच वाटते, नागपुरात तर मुळीच नाही. तुमच्या पुण्यात उन्हाचा त्रास कमी, पावसाचा जास्त. वाजवून झाल्यावर नळीत श्वासाची ओल राहते, ती तशीच बंद केली की लीडपाइप, म्हणजे माऊथपीस बसतो ती नळी, आतून खायला लागते. पितळावर गुलाबी ठिपके दिसले तर समज की जस्त निघून जात आहे. म्हणून पाणी काढ, पुसून घे, सिलिका जेलच्या पुड्या ठेव. तुझा बी-फ्लॅट चांदीचा मुलामा दिलेला आहे, म्हणून त्याच्या कप्प्यात रबराची वस्तू ठेवू नकोस. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. माऊथपीस नेहमी वेगळ्या पाऊचमध्ये; लीडपाइपमध्ये ठेवून आणलेला मग निघत नाही, हे तुला सांगायला नको.

राहिला पिकोलो. त्याला एकट्याची लहान पेटी असू दे, आणि सी ट्रम्पेट मोठ्या पेटीतल्या तिसऱ्या कप्प्यात. चारही बाजे एकाच धक्क्यात जायला नकोत, हेही कारण आहे.

पावसाळा सुरू व्हायच्या आधी फ्लूगल घेऊन आझाद हिंद एक्सप्रेसने ये. इतवारीत सोबत जाऊ, माझी पेटी उघडून तुझा बाजा बसवून बघू. न बसला तर पडदा काढून नवीन लावून देतो, असं बॅगवाला म्हणाला आहे, आणि त्याचा हात बरा आहे. येताना दुसऱ्या स्लाइडची रुंदी आणि भोंग्याचा व्यास कागदावर लिहून आण. मी पट्टी ठेवली आहे, पण तुझ्या मापावर तुझाच विश्वास असतो. तर्री-पोहे माझ्याकडून.

वहिनींना नमस्कार, आणि बंटीने क्लॅरिनेट सुरू केलं का ते कळव.

तुझा,
मन्या

ता. क. फोटोतली दुसरी पेटी, लाल अस्तराची, तिला बिजागऱ्या दोनच आहेत. ती घेऊच नको.