एफडी मोडू नका, आधी हे वाचा

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलायला गेलं की आई रडायला लागते आणि बाबा "बघू, बघू" करून फोन ठेवतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. पिंट्याच्या गाडीच्या अपघातानंतर बाबा एफडी मोडायला निघालेत, त्याबद्दलच आहे हे. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला पण वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

पिंट्या बरा आहे. छातीवर सीटबेल्टचा वळ उठलाय आणि एअरबॅग फुटल्यावर ती पावडर उडते त्याने जरा खोकत होता, एक्स-रे पण काढलाय, त्यात काही नाही. आई, त्याला दिवसातून चारदा "खरं सांग" म्हणून विचारू नकोस, तो खरंच सांगतोय.

गाडी मात्र गेली. मी स्वतः वर्कशॉपला जाऊन बघून आले. नवले पुलाच्या त्या उतारावर पुढच्या टेम्पोत घुसली ती पार खालच्या चॅसीपर्यंत वाकलीये, रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर इंजिनला चिकटलेत, दोन्ही एअरबॅग बाहेर लोंबतायत. मागच्या सीटवर आईने दिलेल्या शेंगांची पिशवी जशीच्या तशी, ती आणली मी घरी. एस्टिमेट आलंय 5 लाख 80 हजारांचं, आणि उघडल्यावर अजून वाढेल असं तोच माणूस म्हणतोय.

आता विम्याचं, कारण बाबा तुम्ही सारखं म्हणताय की पॉलिसीवर तर 3 वर्षं लिहिलंय मग संपली कशी. तर सप्टेंबर 2018 पासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने नवीन कारला 3 वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, पण तो समोरच्याच्या नुकसानीचा. आपल्या स्वतःच्या गाडीचं जे कव्हर असतं, ओन डॅमेज म्हणतात ते, पिंट्याच्या पॉलिसीत एकाच वर्षाचं होतं, ते दरवर्षी वेगळं भरायचं. शोरूमवाल्याने कागदावर 3 वर्षांवर बोट ठेवून दाखवलं आणि पॉलिसीत मोबाइल नंबर टाकला स्वतःच्या ऑफिसचा, त्यामुळे रिन्यूअलचे मेसेज आले असतील ते त्यालाच. म्हणजे विमा आहे पण आपल्या गाडीला नाही. पिंट्याला याबद्दल अजून काही बोलू नका, तो आधीच अर्धा झालाय.

यातलं चांगलं एवढंच की टेम्पोवाला आपल्या दारात येईल ही आईची भीती फुकट आहे. थर्ड पार्टी जिवंत आहे, पंचनामा झालाय, कंपनीला कळवलंय, त्याच्या टेम्पोचं काय ते कंपनी बघेल. तो थर्ड पार्टी विमा पण नसता ना, तर पहिल्या वेळेचा दंड 2 हजारच आहे, पण नुकसानभरपाई सगळी पिंट्याच्या अंगावर आली असती.

आणि हो, "लोनचा पण विमा काढला होता ना" असं बाबा विचारत होते. तो पिंट्याच्या जिवाचा होता, त्याचं बरंवाईट झालं असतं तर बँकेला पैसे मिळाले असते. नको तो विमा कामाला यायला.

मामाचे दोन सल्ले कानावर आले. एक, आत्ता पॉलिसी काढा आणि मागून क्लेम टाका. बंद पडलेली पॉलिसी चालू करताना गाडी तपासतात, फोटो काढतात, आणि हा सरळ सरळ फ्रॉड आहे, त्यात आपल्याला पडायचं नाही. दुसरा, गाडीच नाही तर हप्ते कसले, बँक नेईल ओढून. नेईल ना, नेऊन भंगारच्या भावात विकेल आणि राहिलेले पैसे आपल्याकडेच मागेल. कर्ज गाडीला दिलेलं नसतं, माणसाला दिलेलं असतं. वर बाबा जामीनदार आहेत, 90 दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात धरतात, आणि मग सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा रेकॉर्ड, पिंट्याचं पण खराब आणि बाबांचं पण. बाबा, लगेच घाबरू नका, घर गहाण नाहीये, कोर्टाशिवाय कुणी येऊन कुलूप लावत नाही. हप्ता चुकवायचाच नाही म्हणजे प्रश्नच नको. या महिन्याचा 14,700 भरलाय.

बाहेरचा एक गॅरेजवाला 3 लाखांत उभी करून देतो म्हणाला, मी विचारलं एअरबॅगचं काय, तर म्हणे "ताई, लाइट बंद करून देतो मीटरमधली." म्हणजे एअरबॅग नसणारच, फक्त दिवा लागणार नाही. ज्या एअरबॅगने पोरगं वाचलं तीच काढून त्याच गाडीत त्याला परत बसवायचं? नाही म्हणून सांगितलं.

तर ठरलंय ते असं. बँकेचं मुद्दल राहिलंय साधारण 5 लाख 13 हजार, मुदतीआधी बंद केलं तर वर चार्ज आणि जीएसटी धरून 18 हजार. आहे तशी गाडी घ्यायला एकजण 1 लाख 65 हजार देतोय. उरलेल्यासाठी पिंट्याच्या कंपनीतल्या पतपेढीतून 3 लाख 70 हजार, 4 वर्षांसाठी, हप्ता साडेनऊ हजारांच्या आसपास, तो त्याच्या पगारातूनच कापला जाईल. म्हणजे आत्ताच्या हप्त्यापेक्षा पाच हजार कमीच. गाडी नाही आणि हप्ता आहे हे बोचणार, पण झेपेल. गाडी घेणारा त्याचे पैसे थेट लोन खात्यात भरणार, मॅनेजरशी बोलणं झालंय आणि तसं लेखी मागितलंय.

खातं बंद झालं की बँक एनओसी आणि फॉर्म 35 देईल, मग आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीवरचा, बँकेचा बोजा उतरवायचा. त्यानंतर लगेच आरसी रद्द करायची, हे मात्र मी हट्टाने करणार आहे. नुसता भंगारवाल्याला देऊन मोकळं झालं की अशा गाडीचा चॅसी नंबर चोरीच्या गाडीवर ठोकून ती फिरवतात, आणि पोलीस येतात जुन्या मालकाकडे. फास्टॅग पण बंद करायचाय. गाडी एमएच 50 आहे म्हणजे कराडच्या आरटीओत यावं लागणार, मी सुट्टी काढून येते. बाबा, तुम्ही उन्हात रांगेत उभं राहायचं नाही आणि कुणा एजंटला आधी पैसे पण द्यायचे नाहीत.

आता एफडी. ती आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची आहे, डॉक्टरांनी तारीख द्यायची बाकी आहे, ती तिथेच राहू दे. बाबा, तुम्ही परवा बँकेतून फॉर्म आणलाय हे मला आईने सांगितलं, तिच्यावर चिडू नका, तो फॉर्म फाडून टाका. पिंट्याला पण ती नकोय, तो मला म्हणाला की बाबांनी एफडी मोडली तर मी घरीच येणार नाही. येईल तो, पण म्हणाला.

गाडीची दुसरी चावी आईच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे, साड्यांच्या मागे. घेणाऱ्याला दोन्ही लागतात. मामा रविवारी पुण्याला येतोय त्याच्याबरोबर पाठवा, सोबत विम्याची मूळ पॉलिसी पण, हिरव्या फाइलमध्ये असेल. शेंगा अजून नकोत, आहेत.

तुमची,
ताई