धुऱ्याचे वाद मध्यस्थीने सुटावेत

महोदय,
आमच्याकडे धुरा (शेताचा बांध) सरकला किंवा पांदण (शेतात जाणारी वाट) अडली, की सख्खे भाऊही दिवाणी न्यायालयाची पायरी चढतात आणि कापूस विकून मिळालेल्या चुकाऱ्यातला मोठा वाटा तारखांवर खर्ची पडतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 नुसार न्यायालय असा दावा मध्यस्थीकडे सोपवू शकते. तेथे मध्यस्थ निकाल देत नाही, झालेले बोलणे गोपनीय राहते आणि उभयपक्षी मान्य झाले तरच सह्या होतात. मात्र त्यासाठी दोन्ही वकिलांनी मोजणीचा नकाशा एकत्र बसून वाचायला हवा. पेरणीच्या दिवसांत बैलगाडी कोणत्या धुऱ्याने जाईल, इतका बारकावाही तडजोडपत्रात लिहिता येतो. तालुका विधी सेवा समितीने मृगाआधी गावोगावी अशा बैठका घ्याव्यात, ही कळकळीची विनंती.

— एक शेतकरी, जि. यवतमाळ