सिग्नलची देखभाल ऋतू पालटण्याआधी व्हावी

माननीय संपादक,

महोदय,

मुसळधार पाऊस झाला, वादळ आले की चौकातले सिग्नल बंद पडतात, आणि मग चर्चा होते ती वाहतूक कोंडीची व दुरुस्तीला लागलेल्या वेळेची. मात्र बंद पडण्याआधी त्या सिग्नलची तपासणी कोणी आणि केव्हा केली होती, हे क्वचितच विचारले जाते.

अशा बिघाडांचे मूळ पुष्कळदा खांबावरच्या दिव्यात नसून कडेला उभ्या असलेल्या कंट्रोलरच्या, म्हणजे दिवे चालवणाऱ्या यंत्राच्या, पेटीत असते. पेटीच्या दाराची रबरी पट्टी उन्हाने कडक होऊन तडकते, केबल आत शिरते ते छिद्र बुजवायचे राहून जाते, आणि मग पाणी थेट आत आले नाही तरी नुसता दमटपणाही जोडण्यांवर हिरवट थर चढवायला पुरेसा ठरतो. पंख्याची जाळी धुळीने बुजली, तर उन्हात तापलेल्या पेटीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गरम होते. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारणपणे 25 अंश सेल्सियस गृहीत धरून सांगितलेले असते आणि त्याहून सुमारे 10 अंश अधिक तापमानात ती सतत राहिली, तर ते जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे ऐन वादळात वीज गेल्यावर जिच्यावर भिस्त ठेवायची, ती बॅटरी उन्हाळ्यातच खंगलेली असते. अर्थिंगचेही तसेच आहे. जमीन कोरडी पडली की त्याचा रोध वाढतो, म्हणून त्याचे मोजमाप पहिल्या विजा कडाडण्यापूर्वी, उन्हाळा सरतानाच व्हायला हवे.

पूर्ण बंद पडलेला सिग्नल निदान चालकाला दिसतो, तो सावध होतो. परस्परविरोधी दिशांना एकाच वेळी हिरवा दिवा लागलाच, तर कंट्रोलरमधली संरक्षक यंत्रणा तो ओळखून सिग्नल लुकलुकत्या स्थितीत नेते. परंतु वाऱ्याने बोल्ट सैल होऊन दिव्याचे तोंडच शेजारच्या रस्त्याकडे वळले, तर ते या यंत्रणेला कळत नाही. तिच्या लेखी सारे सुरळीत असते. मला सर्वांत धोकादायक वाटतो तो हाच बिघाड. बर्फाळ प्रदेशांत आणखी एक अडचण आहे. जुन्या बल्बच्या उष्णतेने काचेवरचे बर्फ वितळत असे. एलईडी दिवे विजेची मोठी बचत करतात, पण त्यांची काच फारशी तापत नाही आणि बर्फाचा थर रंग झाकून टाकतो. असे दोष नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर उमटतीलच असे नाही. त्यासाठी कोणीतरी चालक जिथून सिग्नल पाहतो तिथे, रस्त्यावर उभे राहून पाहिले पाहिजे.

म्हणून देखभालीच्या कंत्राटात तक्रार आल्यावर किती वेळात माणूस पोहोचेल एवढीच अट नसावी. हवामान बिघडण्याआधीची तपासणी हे स्वतंत्र, मोबदला मिळणारे काम मानावे. बॅटरीचा नुसता व्होल्टेज न पाहता ती प्रत्यक्ष भार किती वेळ पेलते हे तपासावे, विजेच्या दाबातील अचानक उसळीपासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर वरून धडधाकट दिसला तरी त्याची स्थिती दाखवणारा दर्शक बघावा, आणि प्रत्येक नोंद तारखेसह पेटीतल्या वहीत राहावी. रुग्णालयांजवळचे व रेल्वे फाटकांलगतचे चौक यात आधी घ्यावेत. वादळ ओसरल्यावर चोवीस तासांच्या आत प्रत्येक दिव्याची दिशा पुन्हा पाहिली जावी आणि या नोंदी नागरिकांना पाहण्यासाठी खुल्या असाव्यात, अशी संबंधित यंत्रणांना आपल्या दैनिकाद्वारे विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक