हार्डली म्हणजे जवळजवळ नाहीच

नाशिक, रविवार रात्र

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

हे फोनवरच बोलणार होतो. पण फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतेस आणि माझं बोलणं तिथेच संपतं. म्हणून लिहायला बसलो. रागवायला लिहीत नाही, हे आधीच सांगतो.

मागच्या रविवारी मी तुझ्याकडून क्लासचा गृहपाठ करून घेतला, आठवतंय ना? घरातल्या एका माणसाचा दिवस इंग्रजीत लिहून आणा, असं बाईंनी सांगितलं होतं. आईचा दिवस मला पाठ आहे, तो अर्ध्या तासात झाला असता. पण मला तुझा लिहायचा होता. वहीत लिहिलं, "माय डॉटर गेट्स अप अ‍ॅट". पुढे पेन हलेना. तू किती वाजता उठतेस ते मला माहीत नव्हतं. सिडकोतल्या घरात तुला हाका मारून मारून उठवणारा मी, आणि बंगळूरला तू कधी उठतेस ते ठाऊक नाही.

मग फोन लावला. तू हसत हसत सगळं इंग्रजीतच सांगितलंस, मला लिहून घेता येईल इतकं सावकाश. फार बरं वाटलं गं. मी पाचवीत ए बी सी डी गिरवली, तीही निफाडकडच्या झेडपीच्या शाळेत. तुमच्या वेळेपर्यंत इंग्रजी पहिलीपासून आलं होतं, सरकारने 2000 साली मराठी शाळांतही ते सुरू केलं. तू पहिलीत असताना घरी येऊन मला 'दिस' आणि 'दॅट' शिकवायचीस. आता पुन्हा तूच शिकवलंस.

त्या दिवशी तू सांगितलेलं एक वाक्य होतं, "आय हार्डली एव्हर हॅव लंच." हार्ड म्हणजे कठीण, एवढंच मला येत होतं. वाटलं, पोरगी कामातून कसाबसा वेळ काढते, पण जेवते. आईलाही मी तसंच सांगितलं.

गुरुवारी बाईंनी वह्या तपासल्या. त्या फळ्यावर एक शिडी काढतात. सगळ्यात वर ऑल्वेज, मग यूज्वली, ऑफन, समटाइम्स, रेअरली आणि तळाला नेव्हर. तुझं हार्डली एव्हर त्यांनी नेव्हरच्या लगेच वर लिहिलं. म्हणाल्या, "काका, याचा कठीणशी संबंध नाही. याचा अर्थ जवळजवळ कधीच नाही." क्लास सुटल्यावर मी घरी आलो नाही. सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात गेलो, शब्दकोश मागून घेतला आणि पुन्हा बघितलं. तेच होतं.

मला अडलं ते नुसत्या शब्दाशी नाही. हा साधा वर्तमानकाळ एकदाच घडलेल्या गोष्टीला लागत नाही. रोज घडतं, अंगवळणी पडलंय, त्यालाच तो लागतो. गाडीचं वेळापत्रकही त्यातच सांगतात. पंचवटी उद्या सुटायची असली तरी 'द ट्रेन लीव्ह्ज अ‍ॅट सेव्हन'. आम्ही क्लासमध्ये सगळे चुकतो, 'आय अ‍ॅम गोइंग टू मार्केट डेली' म्हणतो. तू चुकली नाहीस. तू कालच्या किंवा परवाच्या दिवसाबद्दल बोलत नव्हतीस, रोजच्याबद्दल बोलत होतीस.

दुपारी जेवत जा, मुक्ता. डाळभात चालेल. पोळी जमत नसेल तर भाकरी विकत घे. दीड वाजता लॅपटॉप मिटायचाच, असा नियम कर. शरीर म्हणजे काही... बघ, सुरू झालं माझं. आई आतून म्हणाली, "व्याख्यान नको लिहू." चूक झाली. तू एकोणतीस वर्षांची आहेस, स्वतःचं भाडं स्वतः भरतेस.

पण एक सांगायचं राहिलंय, ते आईलाही नीट माहीत नाही. सातपूरला तिसऱ्या शिफ्टला असताना मी डबा उघडत नव्हतो. भूकच लागायची नाही. सकाळी सुटताना पोळीभाजी गेटजवळच्या कुत्र्यांना घालायचो आणि डबा तिथल्याच नळावर धुऊन घरी आणायचो. आई म्हणायची, "आज सगळं संपवलं वाटतं." मी हो म्हणायचो. डोकं दुखायचं म्हणून रिकाम्या पोटी गोळ्या घ्यायचो, त्यांनी आत जखम केली. तेव्हा तू चौथीत होतीस, पंधरा दिवस काकूकडे राहिलीस. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, दिवसभरात केव्हा काय खाता? मराठीत विचारला होता, तरी मला उत्तर देता आलं नाही. आई शेजारी उभी होती.

परवा तूही डोकं दुखतंय म्हणालीस. गोळी घेतेस का? काही पोटात जाण्याआधी घेतेस का? एवढं खरं सांग.

तुझ्या मीटिंगचा हिशेबही मी मांडून पाहिला. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, थंडीत साडेदहा. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे तुझे संध्याकाळचे साडेसात, थंडीत साडेआठ. म्हणजे रात्रीचं जेवणही त्यातच जातं. दिवाळीत तू इथे आली होतीस तेव्हा मी दाराबाहेरून तुला बोलताना ऐकलं होतं. समोरचे चारपाच जण गप्प आणि तू एकटी समजावून सांगत होतीस. शब्द फारसे कळले नाहीत. पण मी सगळा वेळ पॅसेजमध्ये उभा होतो. आईने चहासाठी हाक मारली तरी हललो नाही. त्या रात्री ताटात वाढलेलं वरण तू साडेअकराला थंडच खाल्लंस.

येत्या गुरुवारी मला तुझा दिवस वर्गात मोठ्याने वाचायचा आहे. 'आय'चं 'शी' केलं, गेटचं गेट्स, वर्कचं वर्क्स, हॅवचं हॅज. आठ वाक्यं पेनाने लिहून झाली आहेत. लंचचं वाक्य तेवढं पेन्सिलीने लिहिलंय. बुधवारपर्यंत कळव, तिथे शिडीवरचा कोणता शब्द घालू. खोटा सांगू नकोस. मी शिडीच्या तळाचाही लिहीन, पण मग तिकीट काढून तिकडे येईन.

तुझे
बाबा

ता. क. आई विचारतेय, मेतकूट संपलं का. आणि कुकर शेवटचा कधी लावलास?